मामाची मांडी, आत्याचा पदर

"ड्रायव्हरदादा, मुलांचे मामा नाही आले का?"

मनालीने टेम्पोच्या खिडकीशी जाऊन एवढंच विचारलं, आणि आत बसलेली दोन्ही लेकरं पोट धरून हसायला लागली. स्टिअरिंगवरचा माणूस मात्र हसला नाही. त्याने कानावरचा मफलर खाली ओढला, दाढीवरून हात फिरवला आणि अगदी गरीब चेहरा करून म्हणाला, "मामा का? मामा मागं क्रेटात बसलाय. द्राक्षांसंगं. काढू का बाहेर?"

"आत्या, हाच तर मामा!" शंभू ओरडला.

मनालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जानेवारीचा दिवस, वरून अवकाळीची भुरभुर, बोचरा वारा, आणि त्यात ही फजिती. दुष्काळात तेरावा महिना!

"वळखलं नाय ना करवलीबाई?" तो खाली उतरला. "मी मात्र लांबूनच वळखलं. लग्नात माझ्याशी भांडली होती तू... तुम्ही."

आता तिला आठवलं. योगेशदादाच्या लग्नात कानपिळीला नवरीचा भाऊ बोहल्याशी आला होता. मिसरूड फुटलेला, काटकुळा पोरगा. त्याने नवरदेवाचा कान असा काही पिळला की दादाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि करवली म्हणून कलश घेऊन मागे उभी असलेली मनाली फणकारली होती, "ओ, कान आहे तो! द्राक्षाचा घड नाही तोडायला!" सगळा मांडव हसला होता तेव्हा.

"तेव्हा उगाच सोडला," मामा हळूच म्हणाला. "आणखी पिळायला पायजे होता."

तर मंडळी, ही मनाली म्हणजे लेकरांची आत्या आणि हा नवनाथ म्हणजे मामा. एरवी आत्या आणि मामा भेटतात ते बारशाला, वाढदिवसाला, हसतखेळत, एकमेकांची चेष्टा करत. हे दोघं भेटले ओझरजवळच्या एका बंद रसवंतीपुढे, कारण लेकरांच्या आईबापांना एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं. ज्योत्स्नावहिनी गेल्या दिवाळीच्या आधीच मुलांना घेऊन पिंपळगावला माहेरी निघून गेली होती. योगेशदादा नाशिक रोडच्या फ्लॅटमध्ये एकटा. मारहाण नाही, दारू नाही, बाहेरचं काही नाही. भांडण असतं तर कुणीतरी मध्ये पडून मिटवलं असतं. ही दोघं बोलेनाशीच झाली होती, आणि न बोलणाऱ्यांच्या मध्ये कोण पडणार? वकिलाकडे ठरलं, मुलं आईकडे. एकाआड एक शनिवार-रविवार बापाकडे. सह्या दोन महिन्यांनी व्हायच्या होत्या.

मनाली पुण्याहून भाचरांना भेटायला चार दिवसांसाठी म्हणून आली होती. भावाची दशा बघितली, लॅपटॉप उघडून त्याच्या डायनिंग टेबलावरच ऑफिस थाटलं आणि राहिली ती राहिलीच. मुलांना आणायचं-पोचवायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. दादा रिक्षापर्यंत यायचा आणि म्हणायचा, "तूच जा गं."

"काही राहिलं का?" ईशूने टेम्पोतून उतरताना मागे वळून सीटखाली बघितलं. सात वर्षांची पोर, पण चेहरा एखाद्या पोक्त बाईचा. एका घरी काही विसरलं की ते पंधरा दिवस तिकडेच अडकतं, हे तिला फार लवकर कळलं होतं. म्हणून निघताना, पोचताना तिचा एकच प्रश्न... काही राहिलं का?

"नाय राहिलं बाई," मामा म्हणाला. मग आत्याकडे बघून, "लेकरांचे कान झाका. निफाडची थंडी हाय, सोडत नाय."

त्याचं बोलणं संपलं तरी तो तिथेच उभा होता. मनालीच्या रिक्षाने वळण घेतलं तेव्हाही तो उभाच होता, आणि आपण मागे वळून का बघितलं, हे तिचं तिलाही कळलं नाही.

*

त्या दोन दिवसांत घर जरा घरासारखं वाटायचं. शंभू सोफ्याचा टेम्पो करायचा आणि "पिंपळगाव, पिंपळगाव, चला बसा" असं ओरडत उशांच्या क्रेटा भरायचा. आत्याला हमाल व्हावं लागायचं. ईशूला भाकरी थापायला शिकायचं होतं. तिची पहिली भाकरी परातीतून तव्यावर जाईपर्यंत चार तुकडे झाली आणि चौघांनी एकेक तुकडा खाल्ला. दादासुद्धा हसला त्या दिवशी. मग रविवारी दुपारी मुलांचे कपडे पिशवीत भरायची वेळ आली की तो गॅलरीत जाऊन उभा राहायचा. बाहेर तेच मळकट आभाळ, आणि घरात कुणी टीव्हीही लावायचं नाही.

शंभूचे केस कमरेला टेकायला आले होते. जन्मला तेव्हा तो काचेच्या पेटीत होता. वहिनीने गडावरच्या देवीला नवस बोलला होता की लेकरू वाचलं तर जावळ तुझ्या पायाशी काढीन. पहिलं वर्ष त्याच्या आजारपणात गेलं. तिसरं आईबापांच्या अबोल्यात गेलं. आता पाचवं लागलं, आणि जावळ विषम वर्षातच काढायचं. म्हणजे यंदा नाही काढलं, तर आणखी दोन वर्षं वेण्या.

"बालवाडीत मला शांभवी म्हणतात," आत्या तेल लावत असताना तो म्हणाला.

"कोण म्हणतं? नाव सांग, कानच उपटते त्याचा."

"मामापण हेच म्हणाला." शंभूने मान वळवली. "आत्या, मामा विचारत होता, तू काय खाते."

"काय खाते म्हणजे?"

"म्हणजे तुला काय आवडतं. मी सांगितलं, भाकरीचा तुकडा."

मनाली हसली आणि तिच्या हातातली वेणी सुटली. पुन्हा पहिल्यापासून घालावी लागली.

*

पुढच्या खेपेला नवनाथ लवकर येऊन थांबला होता. त्याच्या पुढच्या खेपेला मनाली लवकर पोचली. टेम्पो त्याचा स्वतःचा होता; गावातल्या मळ्यांतली द्राक्षं पॅकिंगच्या शेडला, म्हणजे पॅकहाऊसला, पोचवायचा. हवा अशी ढगाळ, सगळ्या गावाच्या जिवाला घोर, आणि हा माणूस शनिवारची दुपार मोकळी ठेवून रसवंतीच्या बाकावर बसायचा. रसवंतीवाल्याने थंडीपुरती चहाची शेगडी मांडली होती. मुलं चरकाच्या घुंगरांशी खेळायची आणि हे दोघं चहा प्यायचे. हळूच, फुंकून फुंकून, संपू नये म्हणून.

"तुम्ही पुण्याला कधी जाणार?" त्याने एकदा विचारलं.

"का? कंटाळा आला?"

"नाय... क्रेटा मोजताना चुकतोय मी आजकाल. पॅकहाऊसवाले बोंबलतेत. म्हटलं, तारीख कळली तर बरं."

"माझ्या जाण्याचा आणि तुमच्या क्रेटांचा काय संबंध हो?"

"तेच तर," तो कपात बघत म्हणाला. "काय संबंध?"

मनालीचे कान तापले. थंडीने, असं तिने स्वतःला बजावलं.

मग फोन सुरू झाले. मुलांबद्दलच, बरं का! शंभूला खोकला आहे, ईशूची वही राहिली. वहीचं बोलणं दोन वाक्यांत संपायचं आणि त्यानंतर बराच वेळ फोन कानाला असायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. पण फोन ठेवला की मनाली भानावर यायची. तिला सगळं दिसत होतं. एरवी असती तर दोन्ही घरांनी पेढे वाटले असते. एक मुलगी दिली, एक केली, साटंलोटं काही नवं नाही. आता मात्र या घरचा मुलगा त्या घराला जावई म्हणून नकोसा होता, आणि पुढच्या महिन्यात सह्या झाल्या की ती तिथे परकी आणि तो इथे परका. आपण प्रेमात पडलोय, हे तिला स्वतःशी कबूल करावंच लागलं; आणि ते नेमकं चुकीच्या घरात, हेही.

जावळाची गोष्ट तिनेच काढली.

"मामाची मांडी लागते आणि आत्याचा पदर," ती म्हणाली. "दोन्ही आहेत की. आईबापांनी नुसतं उभं राहायचं."

"तेच तर उभे राहत नाय ना."

"तू तुझ्या बहिणीला आण. मी माझ्या भावाला आणते. लेकरापायी येतील."

नवनाथने तिच्याकडे बघितलं. "आणतो," तो म्हणाला. "तू सांगितल्यावर आणावंच लागंल."

*

त्या शनिवारी गडावर धुकं इतकं होतं की देवीचा डोंगरही दिसत नव्हता. दादा पायथ्याच्या नांदुरीपासून एकही शब्द बोलला नव्हता. वहिनी हिरव्या साडीत, शाल घट्ट ओढून, नारळाच्या दुकानापाशी उभी होती. दोघांमध्ये एवढं अंतर की मधून एखादी बैलगाडी गेली असती. ईशू एकदा इकडे जायची, एकदा तिकडे. शेवटी दमली आणि मधोमध पायरीवर बसली.

नवनाथ मांडी घालून बसला. शंभूला मांडीत घेतलं. न्हाव्याने वेणी सोडली, पाणी लावलं आणि म्हणाला, "आत्याबाई, पुढं या. पदर धरा. एक केस खाली पडता कामा नये."

मनालीने पदर पसरला आणि पुढे सरकली. तिचा गुडघा नवनाथच्या गुडघ्याला लागला. वस्तरा चालू झाला, पहिली बट पदरात पडली... आणि शंभूने भोकाड पसरलं. तो हातपाय झाडायला लागला. नवनाथने एका हाताने त्याला आवळून धरलं, दुसऱ्या हाताने निसटणारा पदर सावरला आणि त्याचा हात मनालीच्या हातावरच राहिला. गार, खरखरीत हात. त्याने काढला नाही. तिनेही काढू दिला नाही.

"आई! बाबा!" शंभू ओरडत होता.

आणि मग ती दोघंही आली. वहिनीने एक हात धरला, दादाने दुसरा. एकमेकांकडे बघितलं नाही, पण "झालं हं राजा, झालं" हे दोघं एकाच वेळी म्हणाली. शंभू गप्प झाला. ईशू पायरीवरून उठली आणि हे सगळं डोळे मोठे करून बघत राहिली, पुन्हा दिसेल न दिसेल म्हणून.

जावळ झालं. शंभूचं गुळगुळीत डोकं बघून एक माकडसुद्धा जवळ येऊन बसलं. दादा वहिनीला म्हणाला, "टोपी आणलीस का?" ती म्हणाली, "पिशवीत आहे." कित्येक महिन्यांत नवराबायको एवढंच बोलली असतील, पण बोलली.

परतताना वहिनीने मनालीला मागे थांबवलं. दोघी पायरीवर बसल्या. जावळाचं गाठोडं वहिनीच्या मांडीवर होतं.

"माझा भाऊ तुझ्याकडे कसा बघत होता, ते बघितलं मी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मनाली जास्तच घाबरली.

"वहिनी, आम्ही अजून एकमेकांना काहीही—"

"म्हणून तर आत्ता बोलतेय. तू वाईट असतीस तर बरं झालं असतं गं. भांडता तरी आलं असतं तुझ्याशी." वहिनीने शाल आवळली. "मी अडवणार नाही. त्याने माझ्यापायी दोन स्थळं परत पाठवलीत. मी कुठल्या तोंडाने अडवू? पण मला सांग, तुमच्या लग्नात नवनाथचा कान कोण पिळणार? नवरीचा भाऊ. म्हणजे योगेशच ना? आणि करवली म्हणून कलश घेऊन त्याच्यासमोर कोण उभं राहणार? मी."

मनाली गाठोड्याकडे बघत राहिली.

"तो एक दिवसही निघून जाईल. पण भाऊबीजेला योगेश बहिणीकडे येणार, म्हणजे माझ्या माहेरीच. पाटावर बसणार. दर वर्षी. आणि मी कुठे जाऊ तेव्हा? कोठीघरात लपू?" तिचा आवाज फाटला. "मला माहेर ही एकच जागा उरलीय मनाली, दार लावून रडायला. तू आलीस की मी नाशकात खोली बघेन. तुला दोष देणार नाही. खरंच नाही देणार."

खालून शंभूची हाक आली. वहिनीने डोळे पुसले, गाठोडं मनालीच्या पदरात ठेवलं. "आत्यानेच सोडायचं असतं वाहत्या पाण्यात. गोदावरीत सोड."

मुलांना घेऊन घरी पोचल्यावर दादाने स्वतःहून चहा केला. "पुढच्या वेळेपासून मीच जातो मुलांना आणायला," तो म्हणाला. "ज्योत्स्नाही येईन म्हणाली. वेगळं व्हायचंच आहे, पण निदान लेकरांसमोर माणसासारखं उभं तरी राहू. तुझ्यामुळे झालं गं हे."

मनाली हसली. मग न्हाणीघरात जाऊन, नळ मोठा सोडून, पोटभर रडली.

*

रविवारी पोचवायला मात्र तीच गेली. शेवटचं म्हणून.

रसवंतीपुढे तीच भुरभुर, तीच शेगडी. नवनाथने सीटवरून एक पेटी काढली. "घरच्या बागेची पयली तोड," तो म्हणाला. "एक्स्पोर्टची नाय, तुझी." मुलं घुंगरांकडे पळाली आणि तो बाकावर बसला, पण पाठ टेकली नाही.

"मला नीट बोलता येत नाय मनाली. पण आज बोलू दे—"

"नको ना..."

"एकदाच. मला तू पायजे. क्रेटा मोजताना, गाडी चालवताना, जेवताना... सगळीकडं तूच हाय. बास, झालं माझं."

मनालीने पेटीवर हात ठेवला होता.

"मलाही तूच हवा होतास," ती म्हणाली. "लग्नातसुद्धा मी भांडले ते उगाच नव्हतं. पण मी उद्या पुण्याला चाललेय, नवनाथ. आणि परत अशी येणार नाही."

"ताई बोलली का तुला काय?"

"नाही."

"खोटं बोलती."

"मला एवढं न सांगता कळतं रे," ती म्हणाली, आणि नजर वळवली. "भाऊबीजेला दादा तुझ्या घरी पाटावर बसला, तर वहिनी कुठे बसेल, सांग."

चहा निवत होता. "थांबू आपण," तो शेवटी म्हणाला. "दोन वर्षं. पाच वर्षं. मी थांबतो."

"कशासाठी थांबायचं? वहिनीने कधीतरी ते घर सोडावं म्हणून? रोज तिच्या हातचं जेवायचं आणि मनात तिच्या जाण्याची वाट बघायची? एवढे वाईट नाही रे आपण."

नवनाथ रडला नाही. त्याने मफलर सोडला आणि पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. "ताईच्या खोलीतला दिवा पहाटंपर्यंत जळत असतो," तो म्हणाला. "मलाबी दिसतं. मी न बघितल्यासारखं करत होतो."

रस्त्यावरून कांद्याचे ट्रक जात होते. त्याचा हात बाकावर होता, तिचाही. मध्ये वीतभर जागा. ती वीत कुणीच ओलांडली नाही.

ईशू येऊन समोर उभी राहिली. "आत्या, तू आमची मामी होणार होतीस ना?"

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही. मलाच वाटलं." ती दोघांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "मग मी तुला आत्याच म्हणू?"

"आत्याच म्हण बाळा. आत्या काही कमी असते का?" मनालीने तिला पोटाशी धरलं, जरा जास्तच वेळ. शंभूच्या टकलावरची माकडटोपी खाली ओढली. त्याने विचारलं, "माझे केस कुठे गेले?" ती म्हणाली, "गोदावरीत पोहायला."

मुलं टेम्पोत चढली. नवनाथने दार लावलं, पुढून फिरून आला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. किल्ली फिरवली नाही.

सवयीने ईशूने सीटखाली वाकून बघितलं. मागे बघितलं. पिशवी चाचपली.

"मामा, काही राहिलं का?"

नवनाथने खिडकीतून बाहेर बघितलं. मनाली द्राक्षांची पेटी छातीशी धरून भुरभुरीत उभी होती.

"राहिलं," तो म्हणाला.

"मग घे ना! पुन्हा नाही मिळणार!"

"नाय बाळा. ते इथंच राहू दे."

ईशूला ते पटलं नाही. टेम्पो हायवेला लागेपर्यंत ती मागच्या काचेतून रस्त्यावर काय पडलंय ते शोधत होती, आणि तिला फक्त आत्या दिसत होती.